फिल्मवरच्या चित्रपटाचे अंदाजपत्रक: डबे मोजू नका, मिनिटे मोजा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या स्वतंत्र चित्रपटांवरील लेखात असे सरसकट म्हटले आहे की, फिल्मवर चित्रीकरण करणे छोट्या निर्मात्याला परवडत नाही, कारण कच्ची फिल्म महाग आहे. आम्ही कॅमेरा, लॅब आणि संकलन या विभागांत काम करणारे लोक आहोत. आमच्या मते लेखाने नेमक्या चुकीच्या खर्चावर बोट ठेवले आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे. कमी पैशातले चित्रपट अडकतात ते बहुतेक वेळा मसाल्यापाशी. शूटिंग संपते, डबे भरलेले असतात, आणि ते धुऊन, स्कॅन करून, आवाज लावून पूर्ण करायला पैसे उरलेले नसतात. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे खर्चाचे एकक. कच्च्या फिल्मच्या किमतीला डब्यांच्या संख्येने गुणून कागदावर आकडा टाकणे सोपे असते, पण त्याचा उपयोग नसतो. कॅमेऱ्यातून चाललेल्या प्रत्येक मिनिटामागे चार खर्च येतात: फिल्म, प्रोसेसिंग, स्कॅनिंग आणि स्कॅनच्या फाइली ठेवण्याची जागा. शिवाय ते मिनिट पाहण्यासाठी, जुळवण्यासाठी आणि वर्गवारीसाठी सहायक संकलकाचा वेळ जातो तो वेगळाच. हे सगळे दर फुटाच्या दरात आणून एकत्र करावेत आणि त्याला मिनिटाच्या फुटांनी गुणावे. जो आकडा येतो तो अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दिग्दर्शकाने "अजून एक टेक" म्हटले की किती पैसे गेले, हे सेटवर सगळ्यांना माहीत असले पाहिजे.

मिनिटाचे फूट काढणे म्हणजे शुद्ध अंकगणित. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १६ मिमीमध्ये एका फुटात ४० फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटांचा रोल ११ मिनिटे चालतो. ३५ मिमीमध्ये नेहमीच्या, कडेची चार छिद्रे व्यापणाऱ्या फ्रेमला फुटात फक्त १६ फ्रेम मिळतात, मिनिटाला ९० फूट. १००० फुटांचा रोल तेवढाच ११ मिनिटांचा आणि ४०० फुटांचा अवघा साडेचार मिनिटांचा. कॅमेऱ्याची यंत्रणा तीन छिद्रांची असेल तर मिनिटाला साडेसदुसष्ट फूट लागतात, दोन छिद्रांची असेल तर ४५. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर यातल्या प्रत्येक आकड्यात ४ टक्क्यांची भर पडते. ती भर कागदावर किरकोळ दिसते, पण ८० रोलांच्या चित्रपटात ती तीन रोलांहून जास्त होते.

आता घोडे पेंड खाते ते शूटिंग रेशोपाशी, म्हणजे चित्रपटाच्या एका मिनिटामागे किती मिनिटे चित्रीकरण, या प्रमाणापाशी. ९० मिनिटांचा चित्रपट, रेशो ८:१, म्हणून ७२० मिनिटे, म्हणून सुपर १६ चे (१६ मिमीचीच, पण रुंद चौकटीची पद्धत) ६५ रोल, असा हिशेब सर्रास केला जातो. त्यात एका मागोमाग एक चार चुका आहेत. रेशो तयार चित्रपटाच्या लांबीवर लावायचा नसतो. तो पटकथेच्या लांबीवर लावायचा असतो, कारण संकलनात जी दृश्ये जाणार आहेत तीही आधी चित्रित करावीच लागतात. पटकथा १०० मिनिटांची असेल तर ८:१ ने ८०० मिनिटे होतात, २८,८०० फूट. दुसरी चूक, ४०० फुटांचा रोल पूर्ण ४०० फूट कामाला येतो हे गृहीत धरणे. मॅगझिनमध्ये (कॅमेऱ्याच्या फिल्म-पेटीत) ओवताना सुरुवातीचे काही फूट उजेड खातात, शेवटचे काही फूट लॅबला पकडायला लागतात, आणि उरलेल्या तुकड्यात पुढचा टेक मावत नाही म्हणून रोल आधीच उतरवावा लागतो. सुपर १६ ला रोलमागे २० फूट गेले असे धरा. मग २८,८०० फुटांना ७६ रोल लागतात. तिसरी आणि चौथी चूक, चाचण्या आणि राखीव साठा विसरणे: कॅमेरा आणि लेन्सच्या चाचण्यांना २ रोल, आणि त्यावर १० टक्के राखीव. बेरीज ८६. साध्या हिशेबातल्या ६५ पेक्षा ही जवळपास एक तृतीयांश जास्त आहे, आणि ही वाढ प्रोसेसिंग व स्कॅनिंगच्या रकान्यांतही उतरते. ऐन शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात रोल संपतात त्याचे कारण बहुधा दिग्दर्शकाची हौस नसते, हे २१ रोल असतात.

तीच ८०० मिनिटे ३५ मिमी चार छिद्रांवर ७२,००० फूट होतात, तीन छिद्रांवर ५४,००० आणि दोन छिद्रांवर ३६,०००. फुटांच्या बाबतीत दोन छिद्रांचे ३५ मिमी सुपर १६ च्या बरेच जवळ येते. मात्र फुटाचा दर ३५ मिमीचा असतो, आणि ही पद्धत फक्त रुंद पडद्याच्या चौकटीलाच शोभते. त्यात दोन फ्रेममधली रेघ इतकी बारीक असते की गेटमध्ये (फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत) अडकलेला केस थेट चित्रात येतो, आणि चौकट वरखाली सरकवून तो लपवायला जागाच नसते. तीन छिद्रांचा मार्ग आम्हाला जास्त समंजस वाटतो. पण ज्याला खरोखर कमी पैशांत काम करायचे आहे त्याने सुपर १६ घ्यावे आणि वाचलेला पैसा ध्वनीवर खर्च करावा. सुपर १६ ची चौकट मुळातच १.६६:१ असल्यामुळे आजच्या पडद्यासाठी तिची काटछाट फार करावी लागत नाही.

रेशो हा संपूर्ण चित्रपटाला एकच आकडा लावून ठरवू नये, दृश्यागणिक काढावा. तीन मिनिटांचे, दोन पात्रांचे बसून बोलण्याचे दृश्य घ्या. मास्टर शॉटचे (संपूर्ण दृश्य एका चौकटीत) ३ टेक, म्हणजे ९ मिनिटे. दोन्ही पात्रांचे जवळचे शॉट संपूर्ण दृश्यभर, दोघांचे मिळून ५ टेक, म्हणजे १५ मिनिटे. किरकोळ इन्सर्टचे (वस्तू, हात अशा छोट्या शॉटचे) एक. एकूण २५ मिनिटे, रेशो आठाच्या थोडा वर. आता जवळचे शॉट संकलनात जिथे खरोखर लागणार आहेत तेवढ्याच अर्ध्या भागाचे घेतले, तर १५ चे साडेसात होतात, एकूण साडेसतरा मिनिटे आणि रेशो सहाच्या खाली. अभिनेत्यांचा एकही टेक कमी झालेला नाही. यासाठी संकलकाला शूटिंगआधी पटकथा वाचायला बसवावे लागते, आणि त्या बैठकीचे मानधन दोन रोलांहून जास्त पडत नाही. उलट लहान मुले, जनावरे, चालत्या गाडीतली दृश्ये आणि मारामारी यांना सरळ १२:१ किंवा १५:१ धरावे. तिथे काटकसर करायला गेले की दृश्यच हातचे जाते.

क्लॅपचे सेकंदही मोजावेत. १६ मिमी सेकंदाला ०.६ फूट खाते, ३५ मिमी दीड फूट. सरासरी मिनिटाचा एक टेक धरला तर ८०० मिनिटांत ८०० टेक. प्रत्येक टेकच्या आधी क्लॅप शोधणे, आकडा वाचणे आणि "ॲक्शन"पूर्वीची शांतता यांत १० सेकंद कॅमेरा फुकट फिरला, तर ४,८०० फूट जातात. म्हणजे पुरे १२ रोल. उपाय सेटच्या शिस्तीत आहे. ध्वनिमुद्रक आधी सुरू होतो, क्लॅपवाला चौकटीत फोकसमध्ये उभा असतो, दृश्य व टेकचे आकडे कॅमेरा बंद असतानाच आवाजावर वाचून होतात, आणि मग कॅमेरा सुरू होतो. कॅमेरा वेगाला आल्यावर फक्त टाळी. "कट" म्हणताच सहायकाचे बोट बटणावर हवे. डिजिटलवर वाढलेल्या दिग्दर्शकांना सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट. कॅमेरा न थांबवता "पुन्हा पहिल्यापासून" म्हणायची सवय एका दुपारी दोन रोल संपवते.

फिल्मचा प्रकार निवडताना हात आखडता घ्यावा. फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रीकरणाच्या फिल्मचे उत्पादन थांबवले. तेव्हापासून रंगीत निगेटिव्ह म्हणजे प्रामुख्याने कोडॅकची व्हिजन ३ मालिका: दिवसाच्या उजेडासाठी ५० डी आणि २५० डी, टंगस्टन दिव्यांसाठी २०० टी आणि ५०० टी (आकडा म्हणजे फिल्मची संवेदनशीलता). चारही घेण्याचा मोह होतो. घेऊ नयेत. प्रत्येक जादा प्रकारामागे अर्धवट उरलेल्या तुकड्यांचा आणखी एक ढीग तयार होतो, आणि एका प्रकाराचा तुकडा दुसऱ्या प्रकाराच्या दृश्यात चालत नाही. बहुतेक चित्रपट २०० टी आणि ५०० टी या दोघांवर निभावतात. ८५ चा फिल्टर लावून ५०० टी दिवसाच्या उजेडात ३२० ला आणि २०० टी १२५ ला वापरता येते. सुपर १६ वर रात्रीच्या दृश्यात दाणा नको असेल तर ५०० टी ला अर्धा ते दोन तृतीयांश स्टॉप जास्त उजेड द्यावा. कमी उजेडात घेऊन लॅबमध्ये पुश करायला (जास्त वेळ धुऊन ती कमतरता भरून काढायला) सांगणे स्वस्त वाटते, पण तसे नसते. पुशला वेगळे शुल्क लागते, दाणा आणि कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि रोल नेहमी अखंड धुतला जातो. एका शॉटसाठी पुश हवा असेल तर तो शॉट वेगळ्या रोलवर घ्यावा लागतो, त्या रोलचा उरलेला भाग तुकडा म्हणून पडून राहतो.

बाजारात इतर निर्मितींचे उरलेले शॉर्ट एंड (रोलचे न वापरलेले तुकडे) आणि न वापरता पुन्हा डब्यात भरलेले रोल स्वस्तात मिळतात. इन्सर्ट, रिकाम्या चौकटी, छोट्या हालचाली यांना ते उत्तम. १६ मिमीचा १०० फुटांचा तुकडा पावणेतीन मिनिटे चालतो, ३५ मिमीचा जेमतेम एक मिनिट सात सेकंद. विकत घेण्याआधी प्रत्येक इमल्शन क्रमांकाच्या (उत्पादनाच्या बॅचच्या) एका डब्यातून काही फूट कापून लॅबकडून न उजळलेलेच धुऊन घ्यावेत आणि मूळ धुक्याची (उजेड न लागताही फिल्मवर येणाऱ्या करडेपणाची) घनता मोजून घ्यावी. ती ताज्या फिल्मपेक्षा वर गेलेली असेल, तर सावल्या राखाडी होतील आणि ग्रेडिंगमध्ये (रंग आणि उजेड जुळवताना) काळा रंग काळा बसणार नाही. एकाच दृश्यात दोन वेगळ्या बॅच मिसळू नयेत. संवादाची मुख्य दृश्ये सीलबंद नव्या फिल्मवरच घ्यावीत. तिथे शंभर फूट वाचवून अभिनेत्याचा एकमेव चांगला टेक धुक्यात घालवण्यात शहाणपण नाही.

साठवणीबद्दल थोडक्यात. कच्ची फिल्म १३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावी. सहा महिन्यांहून जास्त काळ ठेवायची तर गोठवावी. फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडला की आत दव धरते आणि चित्रात डाग येतात. १६ मिमीला तास-दीड तास आणि ३५ मिमीला तीन ते पाच तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. विमानाने न्यायची असेल तर चेक-इनच्या सामानात कधीच टाकू नये, कारण त्या सामानाच्या क्ष-किरण यंत्रांची मात्रा फिल्म खराब करायला पुरेशी असते. हातातल्या सामानासाठीही आता अनेक ठिकाणी सीटी यंत्रे आली आहेत. हाताने तपासणी करून घेण्यासाठी आगाऊ पत्र द्यावे. जास्त संवेदनशील फिल्म आधी बिघडते आणि प्रत्येक तपासणीचा परिणाम आधीच्यात मिळवला जातो.

शूटिंग सुरू होण्याआधी प्रत्येक मॅगझिनमधून थोडी फिल्म चालवून ओरखड्यांची चाचणी, एक स्थिरतेची चाचणी आणि प्रत्येक लेन्सची फोकस चाचणी करावी. हे सगळे धुऊन, स्कॅन करून पडद्यावर पाहावे. चाचणीचे ते दोन रोल वाचवणाऱ्या निर्मितीला एका ओरखडणाऱ्या मॅगझिनचा पत्ता तिसऱ्या दिवशी लागतो, तोवर आठ-नऊ रोलांवर एकच रेघ आलेली असते. ओके टेकनंतर गेट तपासण्याचा नियम मोडू नये. चित्रित झालेले रोल साठवून महिन्याच्या शेवटी एकदम पाठवण्याची काटकसरही नको, आणि एका दृश्याचे सगळे रोल एकाच खेपेत पाठवू नयेत. रोज किंवा एक दिवसाआड पाठवले की दोष लवकर कळतो, आणि एखादी खेप हरवली तरी दृश्याचा काही भाग शिल्लक राहतो.

२४ दिवसांचे शूटिंग असेल तर ८०० मिनिटांचे दिवसाला ३३ मिनिटे येतात, म्हणजे सुपर १६ चे तीन रोल. कॅमेरा सहायकाने रोज रात्री पाच आकडे निर्मिती विभागाला द्यावेत: किती फूट भरले, किती चालले, त्यातले ओके किती, वाया किती, उरलेले तुकडे किती. तुलना दिवसांशी करू नये, पटकथेच्या झालेल्या मिनिटांशी करावी. पटकथेचा चौथा भाग झाला असताना फिल्मचा तिसरा भाग संपलेला असेल, तर पहिल्याच आठवड्यात बसून पुढची दृश्ये सोपी करावी लागतात. शेवटच्या आठवड्यात कळले की करण्यासारखे काही उरत नाही.

लॅबचे दरपत्रक नीट वाचावे. फुटाचा दर ठळक अक्षरांत असतो, बाकीचे खाली. रोल तयार करण्याचे शुल्क, किमान फुटांची अट, पुशचे शुल्क, अल्ट्रासॉनिक सफाई, स्कॅनिंगच्या आधीचे लीडर जोडणे, डिस्क कोणाची, माल परत पाठवण्याचा खर्च हे सगळे लेखी घ्यावे. तुकड्यांच्या वापरामुळे रोलांची संख्या वाढते, आणि रोलमागे असणारे शुल्कही वाढते. स्वस्तात घेतलेले २० छोटे तुकडे लॅबमध्ये महाग पडतात ते यामुळे.

खरा निर्णय स्कॅनिंगचा. दोन वाटा आहेत. एक, सगळी फिल्म एकदाच शेवटच्या दर्जाने स्कॅन करायची. दुसरी, आधी संकलनापुरते साधे स्कॅन करायचे आणि चित्रपट कापून झाल्यावर फक्त वापरलेले शॉट कडेच्या कीकोडवरून (फिल्मवर छापलेल्या क्रमांकांवरून) शोधून पुन्हा उत्तम दर्जाने स्कॅन करायचे. दुसऱ्या वाटेचे गणित आकर्षक दिसते. ९० मिनिटांच्या चित्रपटात १,००० शॉट आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना १२ फ्रेम जादा धरल्या, तर १०७ मिनिटे स्कॅन करावी लागतात, ८०० नव्हे. पण ते १,००० शॉट ८० रोलांत विखुरलेले असतात. जवळपास प्रत्येक रोल पुन्हा यंत्रावर चढवावा लागतो, शोधावा लागतो, त्याचे शुल्क लागते, आणि निगेटिव्ह आणखी एकदा हाताळले जाऊन धूळ व ओरखडे वाढतात. शिवाय पहिल्या स्कॅनमध्ये कीकोड आणि टाइमकोड यांचा मेळ बरोबर नोंदलेला नसेल तर शॉट फ्रेमच्या फरकाने चुकतात आणि ते एकेक करून डोळ्यांनी जुळवावे लागतात. आमचे मत असे: सुपर १६ असेल तर पहिल्याच फेरीत सगळे २के (सुमारे दोन हजार बिंदू रुंद) लॉग स्वरूपात (उजेड-सावलीचा सगळा तपशील राखणाऱ्या सपाट चित्रात) स्कॅन करून मोकळे व्हावे. ३५ मिमी ४के मध्ये पूर्ण करायचे असेल तरच दोन फेऱ्यांचा विचार करावा, तोही लॅबकडून दोन्ही वाटांचे संपूर्ण दरपत्रक घेतल्यावर.

फाइलींच्या आकाराने अनेकांची झोप उडते. पूर्ण चौकटीचे २के, १०-बिट डीपीएक्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल) म्हणजे फ्रेमला पावणेतेरा एमबी, तासाला १.१ टीबी. ८०० मिनिटांचे जवळपास १५ टीबी. ४के घेतले तर त्याच्या चौपट, ५९ टीबी. याच्या किमान तीन प्रती लागतात, त्यातली एक वेगळ्या इमारतीत. त्याऐवजी एचडी आकारात प्रोरेस ४४४४ (आकुंचित व्हिडिओचे एक स्वरूप) घेतले तर तासाला सुमारे १२० जीबी, आणि सगळा चित्रपट १.६ टीबीत मावतो. सुपर १६ च्या बारीक तपशिलासाठी आणि व्यवस्थित ग्रेडिंगसाठी हे पुरेसे असते. मात्र लॅबने चित्र लॉग आणि सपाट द्यावे. स्कॅन करतानाच कोणी "छान दिसावे" म्हणून कॉन्ट्रास्ट चढवला, तर खिडकीबाहेरचे आकाश कायमचे पांढरे होते आणि फिल्मवर असलेला तपशील फाइलमध्ये येतच नाही. संकलकाला पाहायला सोपे जावे म्हणून लट (सपाट चित्राला नेहमीचे रंग देणारा तक्ता) लावलेली वेगळी हलकी प्रत काढावी.

फ्रेमच्या वेगाचा घोळ इथेच होतो. फिल्म अचूक २४ ने चालली आणि लॅबने फाइल २३.९७६ ने बनवली, तर आवाज हजारात एक भागाने पुढे जातो. ११ मिनिटांच्या एका रोलच्या शेवटी तो १६ फ्रेमनी सरकलेला असतो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि दोष ध्वनिमुद्रकावर येतो. कॅमेरा, ध्वनी, लॅब, संकलन आणि अंतिम प्रत या पाचही ठिकाणी एकच वेग कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे २४ ने चित्रीकरण करताना शटर १७२.८ अंशांवर ठेवले की दिव्यांचा लुकलुकाट टळतो. २५ ने चित्रीकरण केले तर १८० अंशांवरही तो प्रश्न येत नाही, पण चित्रपटगृहासाठी २४ वर आणताना लांबी आणि आवाजाचा सूर दोन्ही ४ टक्क्यांनी हलतात. भाड्याने घेतलेला जुना कॅमेरा क्रिस्टल सिंकचा (आवाजाशी जुळेल अशा अचूक वेगाचा) आहे का आणि चालताना किती आवाज करतो, हेही करार करण्याआधी ऐकून पाहावे. खडखडणारा कॅमेरा स्वस्तात मिळाला की त्याची किंमत डबिंगच्या रकान्यात भरावी लागते.

ध्वनीवर लोक सर्वांत कमी पैसे ठेवतात आणि सर्वांत जास्त पस्तावतात. फिल्म महाग आहे, आवाजाची फाइल जवळपास फुकट. म्हणून प्रत्येक जागेवर कॅमेरा बंद असताना मिनिटभर खोलीची शांतता मुद्रित करावी, आणि ज्या टेकमध्ये विमान किंवा भोंगा आला असेल त्याचे संवाद तिथल्या तिथे, त्याच अभिनेत्याकडून, त्याच माइकवर पुन्हा घ्यावेत. या पाच मिनिटांनी स्टुडिओतले तासचे तास वाचतात. नंतरच्या टप्प्यासाठी संकलनाला १० ते १२ आठवडे, संवादांच्या सफाईला ३ ते ४ आठवडे, फोलीला (पावले, कपडे असे आवाज नव्याने मुद्रित करायला) एक आठवडा आणि अंतिम मिक्सिंगला ५ ते ८ दिवस यापेक्षा कमी धरू नये. संगीत आणि ध्वनी-प्रभाव यांचा संवादविरहित ट्रॅक मिक्सिंगच्या वेळीच काढून घ्यावा, कारण परभाषेत विक्री झाली की तो मागितला जातो आणि तेव्हा पुन्हा स्टुडिओ उघडावा लागतो. गाण्याचे किंवा पार्श्वसंगीताचे हक्क फक्त महोत्सवापुरते घेणेही असेच अंगाशी येते. महोत्सवात चित्रपट आवडला की वितरकाला सर्व माध्यमांचे हक्क हवे असतात, आणि तोवर समोरच्याने भाव वाढवलेला असतो.

चित्र कायम झाले, आता कापाकापी नाही, अशी तारीख ठरवावी आणि पाळावी. त्यानंतर एक शॉट दोन सेकंदांनी हलवला तरी संवाद, प्रभाव, संगीत, ग्रेडिंग आणि उपशीर्षके असे पाच लोक आपापले काम पुन्हा उघडतात आणि पाच बिले येतात.

फिल्मवरच्या चित्रपटाला लागणारा आणि अंदाजपत्रकात क्वचित दिसणारा एक खर्च म्हणजे धूळ काढणे. सुपर १६ ची चौकट इतकी लहान असते की धुळीचा कण पडद्यावर वाटाण्याएवढा दिसतो. स्कॅनिंगआधी अल्ट्रासॉनिक सफाई करूनही काही राहतेच. ग्रेडिंगनंतर ९० मिनिटे फ्रेमगणिक पाहून पुसण्यासाठी माणूस आणि आठवडाभर वेळ धरावा. स्वयंचलित पद्धतीवर सगळे सोडले तर ती पावसाचे थेंब आणि डोळ्यांतली चमकही धूळ समजून खाते. ग्रेडिंगला आठवडा पुरतो, अर्थात छायाचित्रकार शेजारी बसणार असेल तर. त्याच्या त्या दिवसांचे मानधन आधीच करारात असावे.

डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) बनवणे आता महाग राहिलेले नाही, पण तपासणीशिवाय पाठवू नये. संपूर्ण चित्रपट खऱ्या चित्रपटगृहात, खऱ्या सर्व्हरवर एकदा पाहावा. आवाजाची पातळी, उपशीर्षकांची जागा आणि कडेच्या चौकटी तिथेच कळतात. ३५ मिमीची प्रिंट काढायची हौस असेल तर ९० मिनिटांची ८,१०० फूट, पाच रिळे, शिवाय डिजिटलवरून निगेटिव्हवर उतरवण्याचा आणि ऑप्टिकल ध्वनीचा खर्च. वितरकाने लेखी मागितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

पैशांचा क्रम मात्र उलटा लावावा लागतो. आधी मिक्सिंग, ग्रेडिंग, डीसीपी आणि संकलनाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत. उरलेल्या रकमेतून चाललेल्या मिनिटाच्या दराने किती मिनिटे येतात ते पाहावे, आणि त्या मिनिटांत बसेल अशी पटकथा कापावी. ४० रोलच परवडत असतील तर ३८० फुटांच्या हिशेबाने ४२२ मिनिटे मिळतात. १०० मिनिटांच्या पटकथेला तो ४:१ होतो, आणि तो व्यावसायिक अभिनेत्यांबरोबर, भरपूर तालमी करूनच जमतो. ८५ मिनिटांची पटकथा केली तर तोच साठा ५:१ च्या जवळ जातो. राखीव १० टक्के फिल्मवर आणि १० टक्के उत्तर-निर्मितीवर वेगवेगळे ठेवावेत. एकत्र ठेवले की शूटिंग दोन्ही खाते. निगेटिव्हचा विमा घेताना सदोष फिल्म, सदोष कॅमेरा आणि प्रोसेसिंगमधला दोष हे तिन्ही त्यात आहेत का ते पाहावे. कॅमेऱ्याची लेखी चाचणी आणि धुण्याची मुदत पाळली नाही तर दावा फेटाळला जाऊ शकतो. लॅब स्वतःच्या चुकीबद्दल सहसा फक्त तेवढी कच्ची फिल्म बदलून देते. तो दिवस, ते अभिनेते आणि ती जागा भरून देत नाही.

निगेटिव्ह लॅबमध्ये विसरू नये. ठराविक मुदतीनंतर बहुतेक ठिकाणी भाडे सुरू होते, आणि थकबाकी असेल तर माल अडकतो. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट खोलीत ठेवली की हळूहळू आंबट वास सुटतो, ती आकसते, आणि मग कोणताही स्कॅनर ती नीट ओढत नाही. प्रत्येक डब्यावर रोल क्रमांक, इमल्शन, तारीख आणि दृश्यांचे आकडे लिहून, कॅमेरा रिपोर्टची प्रत आत न ठेवता बाहेर चिकटवून, डबे आडवे रचून थंड व कोरड्या जागी ठेवावेत. पहिल्या दोन वर्षांचे हे भाडेही निर्मितीच्या अंदाजपत्रकातच धरावे.

आपले,
कॅमेरा, लॅब आणि संकलन विभागांतील काही वाचक